वारा आत, दात बाहेर

कोकणातल्या अगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांची यादी पिढ्यानपिढ्या तीच आहे. कौलं परतायची, लाकडं पडवीत रचायची, पश्चिमेच्या अंगाला झापं बांधायची, सुकी मासळी आणि कडधान्यं डब्यात भरून झाकणं घट्ट लावायची. अलीकडे काही अंगणांत या यादीला एक शेपूट फुटलंय, कॅम्पर व्हॅनचं. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, पण त्याआधीपासून हौशी मंडळी टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर ओटा, बिछाना, पाण्याची टाकी बसवून घेत होतीच. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत ही चाकांवरची बिऱ्हाडं हरिहरेश्वर ते वेंगुर्ला हिंडतात. मृगाची पहिली सर आली की आंब्याखाली नाहीतर मांगरात, म्हणजे पेंढा-अवजारांच्या शेडमध्ये, उभी राहतात, ती थेट दसऱ्याला हलतात.

म्हणजे चार महिने, आणि आत घर करायला उंदरांना तेवढे पुष्कळ. छोट्या घरउंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि तिच्या पोरी दीड-दोन महिन्यांत वयात येतात. जूनमध्ये आत गेलेलं एक जोडपं दसऱ्याला आजी-आजोबा झालेलं असतं. आणि उंदराच्या बाजूनं पाहिलं तर जागेत खोट तरी काय काढायची? छप्पर गळत नाही, खाली पाणी साचत नाही, गाद्या आहेत, अंधार आहे, मांजर नाही, माणूस नाही.

उपाय सांगणारे लगेच सांगतात की सगळी भोकं बुजवा, गाडी डबाबंद करा. हा सल्ला मुळात थंड, कोरड्या मुलखातला. तिथे गाडी बर्फात उभी राहते आणि हवा इतकी कोरडी असते की डबाबंद गाडी वसंतात जशीच्या तशी उघडते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत हवेतला दमटपणा आठवडेच्या आठवडे ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली उतरत नाही. इथे डबाबंद केलेल्या गाडीत उंदीर शिरणार नाही, हे मान्य. पण गणपतीत दार उघडाल तेव्हा प्लायवूडवर हिरवट लव, गाद्यांवर काळे ठिपके, आणि पडद्यांना असा वास की तो धुवूनही जात नाही. दमटपणाला दार उघडं हवं, उंदराला बंद हवं, आणि गाडी एकच.

जुन्या कोकणी घरानं हा पेच कधीच सोडवला होता. शिंकं आठवा. दही-दूध डब्यात कोंडलं तर आंबतं, उघडं ठेवलं तर मांजर-उंदीर. म्हणून ते हवेत टांगलं, चारी बाजूंनी वारा आणि खाली पाय ठेवायला जागाच नाही. व्हॅन आढ्याला टांगता येत नाही, पण विचार तोच ठेवायचा: जिथून वारा जातो ते प्रत्येक भोक वाऱ्याला उघडं राहील आणि दाताला बंद होईल. गाडीचं सगळं काम या एका वाक्यावर चालतं, आणि बहुतेक चुकाही ते विसरल्यानं होतात.

आता येणारे पाहुणे. सगळ्यांना ‘उंदीर’ म्हणून भागत नाही, कारण प्रत्येकाची वाट वेगळी. काळा उंदीर, म्हणजे माळ्यावरचा, शेपूट अंगापेक्षा लांब, हा चढणारा. माडावर जाऊन कोवळे नारळ कोरतो तो हाच. गाडीत तो टायरवरून चढतो, तसाच आंब्याच्या फांदीवरून टपावरही उतरतो. घूस वजनदार, मोठी असेल तर किलोभराचीसुद्धा. ती चढण्यापेक्षा खणते. ती व्हॅनच्या आत क्वचित जाते, पण खालून लोंबणारा रबरी पाइप तिच्या तोंडाशी आला की सोडत नाही. छोटा घरउंदीर सगळ्यात फसवा. शिसपेन्सिल जिथून आरपार जाते तिथून तो जातो. मोठ्या उंदराला अंगठ्याएवढं भोक पुरतं. डोकं गेलं की अंग मागून येतं. चानी, म्हणजे खार, दिवसाढवळ्या काम करते. फ्रीजच्या जाळीत काथ्या आणि चिंध्या कोंबून घरटं करणारी बहुधा तीच, आणि नाव मात्र उंदरावर जातं. राहिली चिचुंद्री. ती उंदरांच्या जातीतली नाहीच, झुरळं-किडे खाते, तारा कुरतडत नाही. वासाचा त्रास सोडला तर तिच्यामागे लागण्याचं कारण नाही. मात्र ती आत गेली याचा अर्थ भोक आहे.

त्यांच्या येण्याच्या वेळाही ठरलेल्या. पहिली लाट जून-जुलैत. लावणीसाठी मळ्यांत पाणी तुंबवलं की बांधातली बिळं भरतात आणि तिथलं सगळं बिऱ्हाड उंच, कोरड्या जागेच्या शोधात निघतं. दुसरी भातकापणीच्या वेळी, ऑक्टोबरात. शेतातलं खाणं एका आठवड्यात उचललं जातं आणि पेंढ्याबरोबर उंदीरही खळ्याकडे सरकतात. गाडी दसऱ्याला हलली तर एकाच लाटेला तोंड द्यावं लागतं. तुळशीच्या लग्नापर्यंत ‘बघू, काढू’ करत राहिलात तर दोन्ही.

गाडी कुठे उभी करायची, हा निर्णय पैशांचा नसतो, फक्त थोड्या पायपिटीचा असतो, आणि तरी तोच सगळ्यात जास्त चुकतो. पेंढा भरलेला मांगर ही सर्वांत वाईट जागा. तिथे आधीच वस्ती आहे. आपण तिला पक्कं घर नेऊन देतो. मळ्याच्या कडेपेक्षा वरचा कातळ चांगला, कारण घुशीला खणायला माती लागते आणि जांभ्यात तिचं काही चालत नाही. अंगणातच उभी करायची असेल तर चिऱ्यांची फरसबंदी किंवा काँक्रीट पाहा, आणि चारी बाजूंनी किमान मीटरभर पट्टा गवत काढून उघडा ठेवा. उंदराला उघड्यावरून धावायला आवडत नाही. तो भिंतीच्या, गडग्याच्या कडेकडेनं जातो. म्हणून गाडी गडग्याला चिकटवून लावू नका. नारळाची सोडणं, लाकडं, पेंढ्याची उडवी हे सगळं शक्य तितकं लांब. टपावर येणाऱ्या फांद्या दीड-दोन मीटर मागे छाटा. विजेची किंवा कपड्यांची दोरी टपावरून गेली असेल तर तीही काढा. काळ्या उंदराला ती रस्त्यासारखीच आहे.

माडाच्या खोडाला पत्रा बांधतात, तसा टायरभोवती पत्रा लावावा का, हा प्रश्न हमखास येतो. माडावरचा पत्रा चालतो कारण तो जमिनीपासून दोनेक मीटरवर असतो आणि चाळीसेक सेंटीमीटर रुंद, गुळगुळीत असतो. खालून उडी पोचत नाही, वर नखं रुतत नाहीत. शिवाय शेजारच्या माडाच्या झावळ्या लागत नसतील तरच तो चालतो. टायरपाशी ही उंचीच नाही. उंदीर जागच्या जागी पाऊण मीटर सहज उडतो, त्यामुळे टायरभोवतीचं गुडघाभर पत्र्याचं कडं त्याला फार तर दोन रात्री विचारात पाडेल. लावायचं तर लावा, पण त्या भरवशावर भोकं उघडी ठेवू नका.

भोकं शोधण्याची रीत सोपी आहे आणि ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात करावी, पाऊस तोंडावर आल्यावर नाही. अंधाऱ्या रात्री एकानं आत जोरकस बॅटरी घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात फिरायचं, दुसऱ्यानं बाहेर आडवं होऊन खालून पाहायचं. जिथे उजेड दिसेल तिथे खडूनं फुली. मग दिवसा उदबत्ती घेऊन तेच कोपरे पुन्हा. धूर ओढला जातो तिथे उजेड न दिसणारी वाकडी फट असते. ओट्याखालचं सांडपाण्याच्या पाइपाचं भोक जवळपास प्रत्येक गाडीत पाइपापेक्षा मोठं असतं, कारण बांधणारा सुतार ड्रिलचं हाताशी आलेलं पातं वापरतो. गॅसची नळी, पाण्याच्या टाकीचा वायुमार्ग, बाहेरून वीज घेण्याच्या सॉकेटची डबी, मागच्या दिव्यांच्या वायरी, सरकत्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातलं झिजलेलं रबर, गिअरच्या दांड्याची फाटकी रबरी टोपी, या त्यानंतरच्या जागा. मागच्या बंपरच्या आड बऱ्याच गाड्यांना हवा बाहेर सोडणाऱ्या प्लास्टिकच्या झडपा असतात. त्या पापणीसारख्या हलक्या. उंदीर नाकानं उचलून आत जातो. बाहेरून त्या दिसतच नाहीत, म्हणून कुणी पाहत नाही. एसीला बाहेरची हवा देणारं, काचेच्या पायथ्याशी असलेलं तोंड हा राजमार्ग. तिथून शिरलेला उंदीर थेट केबिन फिल्टरवर, म्हणजे आत येणारी हवा गाळणाऱ्या कागदावर, बसतो, आणि तो कागद घरट्यासाठी उत्तम.

आता बुजवायचं कशानं? इथे समुद्राचा हिशेब येतो. लोखंडी तारेचा कापूस, म्हणजे स्टील वूल, हा सगळीकडे सांगितला जाणारा उपाय. किनाऱ्यावर तो महिना-दीड महिन्यात गंजून भुगा होतो आणि खाली तांबडा ओघळ सोडतो; ऐन ऑगस्टात भोक पुन्हा उघडं. त्याऐवजी भांडी घासायच्या स्टेनलेसच्या घासण्या घ्या, चुंबक न चिकटणाऱ्या. चुंबक चिकटतो त्यातल्या बऱ्याच लवकर गंजतात. तांब्याच्या तारेची जाळीही चालते. घासणी भोकात दाबून भरायची, सैल नाही, आणि वर पॉलियुरेथेनचं सीलंट. नुसता फोमचा फवारा मारून सोडू नका. फोम उंदराला पावासारखा आहे. तो आधाराला आत असू दे, पण तोंडावर धातू हवा. सिलिकॉन वापरायचं असेल तर डबीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला खातं. चार रुपये वाचवायला जाऊन पत्र्यालाच भोक पाडून घेण्यात अर्थ नाही. पाइपाभोवतीच्या कायमच्या फटींना एम-सीलही ठीक, पण ते धक्क्यानं तडकतं. गाडी हलते हे लक्षात ठेवून जिथे कंप आहे तिथे लवचीक सीलंट आणि जिथे नाही तिथेच एम-सील.

वारा जाण्याच्या भोकांना पाव इंची वेल्डेड जाळी, तार साधारण ०.९ मिमीची, स्टेनलेसची. जस्ताची जाळी स्वस्त, आणि डोंगरापलीकडे घाटावर ती वर्षानुवर्षं टिकते. समुद्राच्या वाऱ्यात तिच्या जोडांवर दुसऱ्याच पावसाळ्यात गंज धरतो. ३०४ जातीचं स्टेनलेस खाऱ्या हवेत चहाच्या डागासारखं तांबूस होतं, पण दात अडवतं. समुद्राला अगदी लागून राहणाऱ्यांनी ३१६ शोधावं. डासांची नायलॉनची किंवा ॲल्युमिनियमची जाळी एका रात्रीत कापली जाते, ती फक्त झुरळांसाठी आतून. जाळी भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन सेंटीमीटर मोठी कापायची, कडा आत दुमडायच्या आणि दर पाच सेंटीमीटरला स्टेनलेसचा स्क्रू. शरीर ॲल्युमिनियमचं असेल तर जाळी आणि पत्रा यांच्यामध्ये सीलंटचा थर किंवा रबरी पट्टी हवीच. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं, स्क्रूभोवती पांढरी पूड दिसू लागते, आणि एक दिवस स्क्रू आपोआप हातात येतो. ट्रॅव्हलरएवढ्या गाडीला साधारण एक चौरस मीटर जाळी, सीलंटची ३०० मिलिची दोन नळकांडी आणि डझनभर घासण्या पुरतात.

एक हिशेब मात्र करायला हवा. पाव इंची जाळीत तारेची जाडी वजा केली की भोकाचा सुमारे पाऊण भागच वाऱ्याला उघडा राहतो. त्यात धूळ, काथ्या, कोळ्याची जाळी अडकली की अर्धा. म्हणून वायुमार्ग दोन हवेत, एक खाली सावलीच्या बाजूला आणि एक टपावर, म्हणजे गरम हवा वर जाताना खालून आत ओढली जाईल. टपावरच्याला पावसाची टोपी. शक्य असेल तर टपाच्या तोंडाशी १२० मिमीचा बारा व्होल्टचा छोटा पंखा, २० वॉटच्या सोलर पॅनलला थेट जोडलेला, मध्ये बॅटरी नको. हा कंजूषपणा वाटेल, पण त्यामागे कारण आहे. रात्री आणि धो धो पावसात बाहेरची हवा भिजलेलीच असते. ती आत ओढून काय मिळणार? ऊन पडलं, हवा जरा सुकली की पॅनल जागं होतं आणि पंखा तेवढ्यापुरता फिरतो. बटण दाबायला कुणी गावात राहायला नको.

गॅसच्या कप्प्याबद्दल मात्र कुणाचंही ऐकू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असते, म्हणून कप्प्याच्या तळाशी तिला बाहेर पडायला भोक ठेवलेलं असतं. ते टेपनं, फोमनं, घासणीनं, कशानंही बुजवायचं नाही. त्यावर फक्त जाळी. सिलिंडर तर काढून घरी न्यावंच. फ्रीज गॅसवर चालणारा असेल तर त्याची वरची आणि खालची तोंडंही तशीच; चानीला आवडणारी हीच जागा, म्हणून इथली जाळी घट्ट हवी.

इंजिनचा भाग बंद करता येत नाही, तो खालून सताड उघडाच असतो. तिथे उंदराला बंदी घालता येत नाही, फक्त त्याचं मन रमू द्यायचं नाही. वर पक्कं छप्पर असेल तर बॉनेट पूर्ण उघडं ठेवा. अंधार आणि ऊब या दोन गोष्टींसाठी तो तिथे येतो. उजेडात, वाऱ्यात घरटं बांधायला त्याला आवडत नाही. बॉनेटखालचा कापसाचा अस्तर सुटा होत असेल तर काढून घरात ठेवा, घरट्याचा कच्चा माल कमी. एअर फिल्टरच्या तोंडाला जाळीची टोपी. आणि बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवा. याचं कारण चार्ज वाचवणं एवढंच नाही. सोललेली तार पत्र्याला टेकली तर जिवंत बॅटरीच्या गाडीत ठिणगी पडते.

तारा तो का कुरतडतो, यावर एक लाडकी कथा आहे: हल्ली तारांच्या आवरणात सोयाबीन असतं म्हणून. उंदीर सोयाबीनच्या आधीही तारा कुरतडत होते, टेलिफोनच्याही. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि समोर येईल ते ते चावून पाहतात, एवढं कारण पुरेसं आहे. फरक एवढाच की पूर्वी एक तार तुटली तर एक दिवा गेला. आता सेन्सरची एक तार तुटली की गाडी जागची हलत नाही.

आतली आवराआवर थोडक्यात सांगण्यासारखी आहे, फक्त ‘खाणं’ या शब्दाची व्याख्या मोठी धरा. बिस्किटं, मसाले सगळेच काढतात. साबणाची वडी, मेणबत्ती, कुत्र्याचं खाणं, आगपेटीच्या शेजारी विसरलेली शेंगदाण्याची पुडी, हे राहतं. टिश्यू पेपर, चिंध्या, उशा हे खाणं नसलं तरी बांधकामाचं साहित्य आहे. गाद्या जमल्यास घरात न्या, नाहीतर उभ्या करून भिंतींपासून दूर ठेवा. कपाटांची दारं आणि खण उघडे ठेवा. वाराही फिरतो आणि कोपराही अंधारा राहत नाही. दमटपणासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवत असाल तर ते खोल बादलीत ठेवा. ओल शोषून त्यात जमलेलं पाणी सांडलं तर खालचा पत्रा गंजतो.

निळ्या ताडपत्रीबद्दल कडवट बोलावंसं वाटतं. गाडीवर ताडपत्री ओढून, खाली विटा ठेवून, दोरीनं करकचून बांधायची ही आपली आवडती पद्धत. त्यानं पत्रा आणि ताडपत्री यांच्यामध्ये एक उबदार, कोरडा, अंधारा बोगदा तयार होतो, चाकापासून टपापर्यंत. घुबडाला दिसत नाही, मांजराला शिरता येत नाही. खाली वाफ धरते ती वेगळीच, आणि वाऱ्यानं फडफडून रंग घासला जातो तो वेगळाच. चार खांब, वर पत्रे, बाजू उघड्या, एवढी शेड जमली तर ताडपत्रीची गरज नाही. जमत नसेल तर ताडपत्री टपापासून वर, दोरीवर तंबूसारखी ताणा, गाडीला चिकटू देऊ नका.

वासाच्या उपायांची यादी लांब आहे: डांबरगोळ्या, फिनेल, तंबाखूची पानं, पुदिन्याचं तेल, न्हाव्याकडचे केस. नव्या वासानं उंदीर काही दिवस बिचकतो हे खरं. पण तो वासाला सरावतो, आणि कोकणच्या हवेत वास उडून जायला फार दिवस लागत नाहीत. डांबरगोळ्यांचं तर उलटच होतं. उंदीर राहतो आणि वास गादीत मुरतो, पुढच्या मेमध्ये तुम्हीच दार उघडं ठेवून झोपता. त्याची वाफ लहान मुलांना बाधक, ‘जी-६-पीडी’ची (तांबड्या रक्तपेशी जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना तर धोक्याची. न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रंही यातलीच. तो आवाज गादी-पडद्यात जिरतो, कपाटाच्या पलीकडे पोचत नाही, आणि उंदीर आठवड्यात सरावतो. या सगळ्यांपेक्षा मीटरभर जाळी घेतलेली बरी.

विष गाडीत नको, ही सूचना नसून विनंती समजा. रक्त पातळ करणारं विष खाल्लेला उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, आणि मरायला तो नेमका आतल्या पत्र्यामागे जातो. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणजे काय, ते मग मेकॅनिक डॅशबोर्ड खोलताना कळतं. तो बाहेर मेला तर घुबड, मांजर किंवा धामण त्याला खाते, आणि ज्यांनी आपलं काम फुकट करायचं तेच आजारी पडतात. टूथपेस्टसारख्या नळीत मिळणारं पिवळ्या फॉस्फरसचं विष तर घराच्या आसपासही नको; त्यानं माणसाचं यकृत निकामी होतं आणि त्यावर उतारा नाही. चिकट पट्ट्यांवर उंदरापेक्षा पाली आणि सापाची पिल्लं जास्त अडकतात, शिवाय दमट हवेत त्यांचा चिकटपणा टिकत नाही.

राहतो तो सापळा. गाडी बंद करण्याआधी आठवडाभर तो लावायलाच हवा, नाहीतर आत असलेल्याला कोंडून आपणच बाहेरून कडी घालतो, आणि कोंडलेला उंदीर बाहेर पडण्यासाठी जे करतो ते शिरण्यासाठी करतो त्याहून वाईट असतं. खटका सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे, दोन-दोनच्या जोडीनं. आमिष भाजलेलं सुकं खोबरं किंवा सुकट, दोऱ्यानं बांधलेलं, कारण सुटं ठेवलं तर तो ते अलगद काढून नेतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला तीन-चार दिवस हात लावत नाही. तेवढे दिवस खटका न ताणता नुसतं खाऊ घाला, मग ताणा. छोटा घरउंदीर उलट चौकस, पहिल्याच रात्री सापडतो. पिंजऱ्यात सापडलेला जिवंत उंदीर परसाच्या टोकाला सोडलात तर तो तुमच्या आधी परत येईल.

सापळे रिकामे राहू लागले की रांगोळी काढा. खरोखरच. दारात, ओट्याखाली, ड्रायव्हरच्या पायांपाशी हातभर पट्ट्यावर रांगोळीची पूड चाळणीनं पातळ भुरभुरायची. पीठ नको, ते खाणं आहे. सकाळी पावलं दिसतात, मध्ये शेपटीची रेघ. सलग तीन रात्री पट्टा कोरा राहिला की शेवटचं भोक बंद करायचं. ही रांगोळी तशीच राहू द्या. पंधरा दिवसांनी शेजाऱ्यानं दार उघडून नुसतं पाहिलं तरी आत कोण आलं ते कळतं. लेंड्याही बोलतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर घरउंदीर, सेंटीमीटरभर लांब आणि टोकदार असतील तर काळा, त्याहून ठसठशीत म्हणजे घूस. पाहणीचे दिवस लक्षात ठेवायला कॅलेंडर नको: नारळी पौर्णिमा आणि गणपती. गणपतीला चाकरमानी येतातच. घरात माणसांची गर्दी असताना एकानं गाडीची जाळी साफ करून यायला अर्धा तास लागतो. मोदकांच्या घाईत तो निघत नाही, ही गोष्ट वेगळी.

दसऱ्याला गाडी उघडताना आधी नाक वापरा, मग विजेरी, हात सगळ्यात शेवटी. उंदीर असतील तर त्यांच्यामागे साप येतो, आणि घोणस सीटखाली वेटोळं करून बसली असेल तर सुक्या पानांपेक्षा वेगळी दिसत नाही. काठीनं चाचपल्याशिवाय खणात किंवा सीटखाली हात घालू नका. दारं अर्धा तास उघडी ठेवून बाहेर थांबा.

आत लेंड्या किंवा घरटं दिसलं तर झाडू नको, व्हॅक्युमही नको. सुकी घाण धुळीसारखी उडते आणि नाकात जाते. हातमोजे, एन-९५ मास्क. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, त्याच दिवशी कालवलेलं, आणि त्यात शौचालयाचं ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. सगळं भिजवून दहा मिनिटं थांबायचं, मग कागदानं पुसून दुहेरी पिशवीत. हा सोवळेपणा उगाच नाही. लेप्टोस्पायरोसिस कोकणाला नवा नाही. उंदराच्या मुतातले त्याचे जंतू सुकल्यावर मरतात, पण इथल्या ओलीत आठवडेच्या आठवडे जगतात आणि हातापायांवरच्या ओरखड्यातून आत जातात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना गाडी साफ केल्याचं आपणहून सांगा. साफ केलेल्या जागा साबणाच्या पाण्यानं पुन्हा धुवा. मुताचा माग राहिला तर पुढच्या वर्षीचा उंदीर त्याच वाटेनं येतो.

किल्ली फिरवण्याआधी बॉनेटखाली एक फेरी. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा, डिझेलच्या आणि ब्रेकच्या रबरी नळ्या बोटांनी चाचपा, इंजिनच्या पट्ट्यांवर दातांच्या खुणा आहेत का आणि चाकांपाशी उतरणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारा शाबूत आहेत का, ते पाहा. केबिन फिल्टर काढल्याशिवाय एसीचा पंखा लावू नका, नाहीतर चार महिन्यांचं घरटं तोंडावर येतं. मग बॅटरीची तार जोडा.

आणि मेमध्ये लावलेल्या तात्पुरत्या टोप्या मोजा. सायलेन्सरच्या तोंडाची जाळी, एअर फिल्टरची टोपी, टपाचं झाकण, जे जे लावलं त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला लाल दोऱ्यानं बांधलेली असली पाहिजे, आकडा मोठ्या अक्षरात. सगळ्या टोप्या हाताशी आल्याशिवाय दोरा सोडायचा नाही. काढलेल्या जाळ्या गोड्या पाण्यात धुवून, वाळवून, चिठ्ठीसकट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि डबा गाडीतच, ड्रायव्हरच्या मागच्या खणात. घरातल्या माळ्यावर ठेवला तर पुढच्या मेमध्ये तो कुणालाच सापडत नाही.